बाईंचा पाठ चालू आहे

“एका पाठात साहेब मेणासारखे वितळतील, बघच तू!” असं बायकोला ऐकवूनच फीतवाले घरातून निघाले. शाळांसाठीचे रेडिओ-पाठ ध्वनिमुद्रित करण्यात, फिती कापण्या-जोडण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून हे नाव. आता शाळा पडद्यावर शिकत होत्या आणि मोठे साहेब स्टुडिओला टाळं ठोकायला येत होते. टाळं लागलं की फीतवाल्यांची रवानगी थेट गोदामात!

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे सासूबाई. त्या हयात नव्हत्या, पण फितीवर ठणठणीत होत्या. एके काळी गावोगावची पोरं भिंतीवरच्या कर्ण्यातून त्यांचं गणित ऐकायची. प्रश्न विचारून सासूबाई थांबायच्या, पोरांना उत्तराला वेळ द्यायच्या आणि मगच पुढे बोलायच्या. पोरं कुठे चुकणार, हेही त्यांनी आधीच धरलेलं असे.

साहेब आले ते तळहातावर टाळं खेळवत, घाम पुसत. खुर्चीत ऐसपैस रेलले. फीतवाल्यांनी लगबगीने पंखा लावला, जाडजूड दार लोटलं, यंत्र सुरू केलं. त्या मुक्या खोलीत भिंतीवरच्या कर्ण्यातून आवाज उमटला, अगदी कानाशी.

“आलात सगळे?”

फीत नुसतीच फिरत राहिली.

“आलो की!” साहेब खो खो हसले.

“हसू नका. ताठ बसा.”

साहेब ताठ बसले.

“सात नवे?”

“चौसष्ट!” साहेबांनी ठोकून दिलं.

“चूक. पुन्हा.”

“अहो, यांना... ऐकू येतंय?”

“छे हो साहेब! पोरं इथे हमखास चुकायची. फीत आहे ती.”

“त्रेसष्ट,” साहेब कर्ण्याकडे बघत पुटपुटले.

“शाबास. आता हातातलं खाली ठेवा.”

टाळं गुपचूप टेबलावर गेलं. फीतवाल्यांना मनातून उकळ्या फुटत होत्या. तेवढ्यात—

“आणि जावईबापू, तो पंखा बंद करा. घरघर येते फितीत.”

फीतवाले यंत्राकडे बघतच राहिले. ध्वनिमुद्रणाच्या वेळी सासूबाईंनी त्यांना असंच झापलं होतं, हे खरं. पण तो तुकडा त्यांनी तेव्हाच, स्वतःच्या हाताने, कात्रीने कापून टोपलीत टाकला होता!

“जावईबापू कोण?” साहेबांनी खालच्या आवाजात विचारलं.

“मी...”

“मग बघत काय बसलात? बंद करा ना!”

पंखा थांबला, तशी दुसरीच फडफड ऐकू आली. फीत केव्हाच संपली होती! तिचं मोकळं टोक रिकाम्या चाकाभोवती आपटत होतं.

“हं. आता कसं!” कर्णा म्हणाला.

साहेब उठले, कर्ण्याकडे तोंड ठेवून दारापर्यंत मागे मागे गेले. “येऊ का, बाई?” असं विचारून मात्र उत्तराला थांबले नाहीत. टाळं तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी हुकूम आला: स्टुडिओ चालू ठेवावा, पंखा उतरवावा!

“काय, वितळले का साहेब?” उन्हाळ्यात एका संध्याकाळी बायकोने विचारलं.

“साहेबांचं राहू दे,” घामाने चिंब सदरा पिळत फीतवाले म्हणाले, “तुझ्या आईपायी रोज मीच वितळतोय!”