हजारपट वाकलेली गॅलरी

सुज्ञ वाचकहो, एका विद्वान जावयाची सासुरवाडीत मान कशी खाली गेली, तो वृत्तांत येथे यथाशक्ती सादर करीत आहे. कोणाचाही उपमर्द करण्याचा हेतू नाही.

अभियांत्रिकी महाविद्यालयात एक प्राध्यापक होते. वजनाखाली तुळया नि खांब कसे वाकतात, हे विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावर चित्ररूपाने दाखविण्यात त्यांचा हातखंडा होता. एके दिवशी सासऱ्यांनी स्वतः उभे राहून बांधून घेतलेल्या नव्या गॅलरीत पाहुणे चहाला यावयाचे होते. जावयांनी उत्साहाने लॅपटॉप उघडला, गॅलरीची मापे भरली, तीवर पाहुण्यांचे वजन टाकले आणि कळ दाबली.

पडद्यावरील गॅलरी लोंबत लोंबत थेट अंगणाला टेकली.

"अगं बाई! अहो, खाली या आधी!" सासूबाई वर गॅलरीत खुर्च्या मांडणाऱ्या सासऱ्यांकडे पाहून किंचाळल्या.

"घाबरू नका, मी आहे ना," प्राध्यापक म्हणाले. "फक्त वर कोणी पाय ठेवू नका."

झाले! सासऱ्यांचा चेहरा उतरला. "उन्हातान्हात उभा राहिलो हो मी," एवढेच ते पुटपुटले. खुर्च्या खाली आल्या. सुताराला बोलावून गॅलरीखाली टेकू लावण्यात आले. पाहुणे अंगणात दाटीवाटीने बसले आणि टेकूंकडे पाहत चहा पिऊ लागले. जो तो विचारी, "सिमेंट कुठलं वापरलंत?"

इतक्यात धाकटी मेव्हणी आली. ती प्राध्यापकांच्याच वर्गात शिकत असे. तिने पडदा न्याहाळला.

"भावोजी, वाक हजारपट करून का दाखवलाय?"

प्राध्यापकांचा कप ओठांपाशीच थांबला. खरा वाक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वर्गात ते तो हजारपट फुगवून दाखवीत. घरी तो पूर्ववत करावयाचा राहून गेला होता.

"मग खरी वाकते तरी किती?" सासऱ्यांनी विचारले.

"नाण्याच्या जाडीएवढी, बाबा!" मेव्हणी म्हणाली.

धरणी पोटात घेईल तर बरे, असे प्राध्यापकांस झाले. "बाबा, चुकलो," ते कसेबसे म्हणाले.

 कप उचलून सासरे तडक वर गेले. मागोमाग सारे पाहुणे गेले. गॅलरी जागची हलली नाही. अंगणात उरले एकटे प्राध्यापक. लॅपटॉप मिटून त्यांनी मान वर केली.

"बाबा, गॅलरी फार भक्कम झालीय हो!"

सासऱ्यांनी कठड्यावरून वाकून पाहिले.

"हो का? पण जावईबापू, तुमच्या बोलण्याला आता हजाराने भागावं लागतं."

आपण वाचण्याचे कष्ट घेतलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
टेकू लावणारा तोच सुतार, अण्णा