न फुटणारा रांजण

लेकीनं पातळ, जरा कच्चा भाजलेला रांजण मागितला, आणि कुंभारबाबांनी मान डोलावून दोन बोटं जाडीचा, भट्टीत खणखणीत भाजलेला रांजण टेम्पोत चढवला. तो प्रदर्शनात लोकांसमोर फोडायचा आणि पुढचे आठ दिवस तिथंच बसून जोडायचा, हीच आपली कला, हे लेकीनं त्यांना दोनदा समजावलं होतं. पण तिचं पहिलंवहिलं प्रदर्शन, आणि त्यात बापानं कच्चा माल द्यायचा? ते त्यांच्या रक्तातच नव्हतं.

उद्घाटनाला दालन भरलं होतं. लेकीनं लाकडी हातोडा हाणला. रांजण टणकन वाजला आणि हातोड्याचा दांडा तुटला. लोकांनी गंभीरपणे माना हलवल्या. मग तिनं पहारेकऱ्याकडून लोखंडी हातोडा मागून घेतला. त्यानं रांजणावर ओरखडा तेवढा उठला. शेवटी ती हट्टालाच पेटली आणि तिनं रांजण चौथऱ्यावरून ढकलून दिला, तर खालची फरशी तडकली. एक दाढीवाले समीक्षक वहीत भराभर लिहीत होते. दालन चालवणाऱ्या बाईंनी मात्र तिला बाजूला घेऊन सांगितलं, की आज काही फुटलं नाही तर उद्यापासून ही जागा दुसऱ्याला.

लेकीचे डोळे भरून आले. "बाबा, कुठं मारू ते तरी सांगा."

"चाळीस वर्षं न फुटायचंच बघत आलो," बाबा ओशाळून म्हणाले. "फोडायचं मला काय ठाऊक?"

तशी ती तरातरा मागच्या खोलीत गेली आणि एक ठेंगणा रांजण घेऊन आली. सरावासाठी तो तिनं स्वतःच घडवला होता आणि बाबांच्या नजरेला पडू नये म्हणून पोत्याखाली लपवला होता. बाबांनी त्यावरून हात फिरवला आणि सवयीनं बोलून गेले, की बूड पातळ आहे, पोट एका अंगाला सुटलंय. लेकीनं ओठ आवळून हातोडा उगारला, तर त्यांनी तिचा हात धरला.

"हा नको फोडूस."

"का? कच्चा तर आहे."

"असू दे. तू केलायस."

लेकीचा हात क्षणभर खाली आला. पण भरल्या दालनात माघार घेणाऱ्यातली ती नव्हती. शेवटी लेक कुणाची. हातोडा टेकला मात्र, रांजणाचा चक्काचूर झाला. टाळ्या पडल्या. बाबांना फार वाईट वाटलं. त्यांनी बाह्या सरसावल्या, जमिनीवर फतकल मारली आणि खापऱ्या वेचायला घेतल्या.

आठही दिवस जोडकाम त्यांनीच केलं. लेकीला गोंदाची वाटी धरण्यापलीकडे काही करू दिलं नाही. लोक मुद्दाम बघायला येत. समीक्षकांनी वर्तमानपत्रात या ज्येष्ठ कलावंतावर चार रकाने लिहिले. ते बाबांनी ओल्या जोडांखाली अंथरले.

नवव्या दिवशी टेम्पो आला. मोठा रांजण तडकलेली फरशी झाकायला दालनातच राहिला. बाबा जोडलेला रांजण मांडीवर घेऊन पुढं बसले.

"बाबा, त्यात पाणी ठरायचं नाही," लेक म्हणाली. "नेऊन करणार काय?"

"दुकानात मांडीन," बाबा म्हणाले. "कुणी भाव विचारला, की विकायचा नाही म्हणून सांगेन."