पोचल्याचा फोन

समुद्राने माणसाला अनादिकाळापासून साद घातली आहे. मला ती वर्सोव्याच्या जेट्टीवर ऐकू आली. "ए छत्रीवाल्या, येतोयस की नुसता बघतोयस? बाजूला तरी हो!"

साद घालणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. अंगात पंजाबी ड्रेस, डोक्यावर लाल हेल्मेट आणि हातात निळी स्कूटर. ती त्यांना मढला जाणाऱ्या बोटीत चढवायची होती आणि मी नेमका फळीच्या तोंडाशी उभा होतो. डिसेंबर होता, पण छत्री असलेली बरी. वर्सोव्याला मी मासळी घ्यायला जातो. इतकी वर्षं गेलो, तरी समोर दिसणाऱ्या मढला कधी गेलो नव्हतो. तिकडे काम नव्हतं.

मी तसं बाईंना सांगितलं.

"कामाला काय, सगळेच जातात," त्या म्हणाल्या. "धर मागून."

मी स्कूटर मागून धरली, ढकलली, आणि बोट सुटली तेव्हा मी बोटीत होतो. लगेच बायकोला फोन केला, "वैशाली, बोटीत बसलो." पलीकडे उतरल्यावर पुन्हा केला, "पोचलो."

बाईंनी हेल्मेटची काच वर केली. "एवढोसो समुद्र, नि दोन फोन?"

इंदू परुळेकरांशी माझी ओळख झाली ती अशी.

परुळेकरबाई टेलिफोन ऑपरेटर होत्या. उमेदीची वर्षं ट्रंककॉल जोडण्यात गेली. "मेले तासन् तास थांबायचे, आणि लाइन मिळाली की बोलायचे काय? पोचलो. तिकडे पाऊस आहे का? संपलं!" तेव्हापासून पोचल्याच्या फोनवर त्यांचा राग आहे. आमच्याकडे पार्ल्याहून मुलुंडला गेलं तरी पोचल्याचा फोन होतो, आणि नाही झाला तर वैशाली मुलुंडलाच फोन करते. बाईंचं म्हणणं, "पोचल्याचा फोन करणारा माणूस मुळात निघालेलाच नसतो." वाक्य भारदस्त आहे. मला ते घरी पोचेपर्यंत पटलेलं असतं.

स्कूटर त्या निवृत्तीनंतर शिकल्या. हेल्मेटमध्ये अंबाडा मावेना, तेव्हा अंबाडा कापला. डिकीत उकडलेली अंडी, मिठाची पुडी आणि जादा चपला. मोबाइलमधला नकाशा वापरत नाहीत. "जन्मभर मी लोकांच्या लाइनी जोडल्या. आता ती बाई मला डावीकडे वळ म्हणणार?" त्यापेक्षा त्या वाटेत दोघांना रस्ता विचारतात. दोघांनी वेगवेगळा सांगितला की तिसऱ्याने जातात. घरी कोण असतं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "घरी कोण असणार? स्कूटर खाली असते."

अधूनमधून शनिवारी जेट्टीवर भेट व्हायची. फेब्रुवारीत एकदा त्यांनी जाहीर केलं, "चल, बोरिवलीला जाऊ. पाण्यातून."

हे शक्य आहे. बोटीने मढ, रस्त्याने मार्वे, बोटीने मनोरी, रस्त्याने गोराई आणि शेवटच्या बोटीने बोरिवली. शहाणा माणूस अर्ध्या तासात जिथे जातो, तिथे दिवसभराने पोचायचं. मी मागच्या सीटवर, डोक्याला त्यांचं जुनं हेल्मेट. अट एकच होती, फोन बंद.

मनोरीला दोघांनी दोन रस्ते सांगितले. तिसऱ्याच्या टोकाला वाळत घातलेले बोंबील होते, एक मांजर होतं आणि रस्ता संपलेला होता. तिथेच बसून आम्ही अंडी खाल्ली. मांजरानेही खाल्ली. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच मी कुठे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि बरं वाटत होतं. छत्री तिथे राहिली की बोटीत, हे मला अजून सांगता येत नाही.

बोरिवलीला उतरल्यावर फोन चालू केला.

"कुठे होतास रे?" वैशालीने विचारलं.

"बोरिवलीला आलो. समुद्रमार्गे."

"बरं. येताना कोथिंबीर आण."

मी ट्रेनने जाणार होतो, बाई हायवेने अंधेरीला. निरोप घेताना सवयीने तोंडातून गेलं, "सांभाळून जा. पोचल्यावर फोन करा."

त्या हेल्मेटचा पट्टा लावत होत्या. "कोणाला?" त्यांनी विचारलं. कोणाचा नंबर हवा, हे ऑपरेटर विचारतो तसं.

"मला."

पट्टा बराच वेळ लागेना. मी मदतीला हात पुढे केला. "गप रव," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नंबर बोल." मी बोललो. लिहून न घेता त्यांनी स्कूटर चालू केली.

सहा वाजले, सात वाजले. फोन नाही. त्यांचा नंबर मी कधी घेतला नव्हता. पोचल्याचे फोन न करणाऱ्या बाईंचा नंबर कशाला लागतो? हायवेवरचे ट्रक डोळ्यांपुढे येऊ लागले. मी खिडकीत गेलो. आमच्या खिडकीतून मागची इमारत दिसते, हायवे नाही.

"आता कळलं?" वैशाली कोथिंबीर निवडत म्हणाली.

साडेसातला फोन वाजला.

"पोचले."

"बाई, आत्ता?"

"पाचलाच."

"मग फोन नाही केलात?"

"पोचले म्हटल्यावर पुढे काय बोलायचं, ते ठरत नव्हतं. लोक पाऊस विचारायचे. फेब्रुवारीत काय विचारणार?"

"जेवलात का, असं विचारतात," मी म्हणालो.

"मग विचार की."

विचारलं. जेवल्या नव्हत्या.

आता मीही अधूनमधून काम नसताना कुठेतरी जातो. छत्री नेत नाही, आणि घरी एकच फोन करतो. बाईंचे मात्र वाढले आहेत. मनोरीहून येतो, घोडबंदरहून येतो, एकदा पालघरहून आला. त्या "पोचले" म्हणतात, मी जेवणाचं विचारतो.

परवा सकाळी पिठाच्या गिरणीतून आला. "पोचले."

गिरणी त्यांच्याच इमारतीत आहे, तळमजल्यावर.