दहाच्या आत

केलेपी राजधानीत शंभर मीटरची शर्यत जिंकला, तेव्हा गावाला कळवायचं काम त्याच्या शाळेतल्या सितालेकी मास्तरांनी अंगावर घेतलं. आमच्या बेटावरच्या गावात फोन एकच, चर्चच्या पाळकांच्या घरी. त्या दिवशी वारा सुटला होता आणि खिडकीखाली पाळकीणबाईंची डुकरं खरकट्यावरून भांडत होती. मास्तरांनी घसा ताणून सांगितलं, की पोरगा पहिला आला, अकराच्या आत आला, दहा पॉइंट एक्क्याऐंशी. पाळकांना 'पहिला' ऐकू आलं, 'एक्क्याऐंशी' ऐकू आलं. मधलं वाऱ्याने नेलं.

"दहाच्या आत?" त्यांनी विचारलं.

तिकडे मास्तरांना नुसतंच 'आत' ऐकू आलं. "हो, हो, आत," ते म्हणाले आणि फोन कट झाला.

रविवारच्या उपासनेत पाळकांनी व्यासपीठावरून जाहीर केलं, की आपल्या लुपेबाईचा केलेपी शंभर मीटर नऊ पॉइंट एक्क्याऐंशी सेकंदांत धावला. पाळक रोज रेडिओवर जगाच्या बातम्या ऐकत. दहाच्या आत धावणारी माणसं पृथ्वीवर किती थोडी आहेत, हेही त्यांनी समजावून सांगितलं. बायका रडल्या. एका म्हाताऱ्याने उभं राहून भजन सुरू केलं, ते बराच वेळ थांबेना.

दोन दिवसांनी केलेपी बोटीतून उतरला, तर धक्क्यावर शाळेचा बँड. मध्ये फलक, आणि फलकावर तो आकडा. केलेपीने तो आकडा दोनदा वाचला. त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर फलकाकडे पाहत होते आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

केलेपी तसा भित्रा नव्हता. पण समोर कमरेला जुनी मानाची चटई गुंडाळून बेटाचे सरदार स्वतः उभे होते. सरदारांशी बोलायला आमच्याकडे शब्दसुद्धा वेगळे लागतात, आणि भीतीने केलेपीला त्यातला एकही आठवेना. तो आईच्या कानात पुटपुटला, की आकडा चुकलाय. लुपेने हसरा चेहरा तसाच ठेवून त्याचं मनगट आवळलं.

"पाळकांनी व्यासपीठावरून सांगितलंय," ती ओठ न हलवता म्हणाली. "आता तू व्यासपीठाला खोटं पाडणारेस का? गप हस."

तो हसला. त्या दिवशी गावाने अकरा डुकरं भाजली. ती जमिनीतल्या भट्टीतून बाहेर निघताना प्रत्येक डुकराबरोबर सत्य सांगणं थोडं आणखी अवघड होत गेलं.

दुसऱ्या दिवशी गुरू-शिष्य कबुली द्यायला पाळकांकडे गेले. वाटेत ठरलं, की बोलायचं मास्तरांनी. दारात पोचेपर्यंत ठरलं, की बोलायचं केलेपीने. पाळक टेबलाशी बसून धर्मसभेला पत्र लिहीत होते. पत्र सहा पानांवर गेलं होतं, आणि त्यात केलेपीची तुलना एका संदेष्ट्याशी केलेली होती. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "काय काम काढलंत?"

केलेपी एक पाऊल पुढे झाला. "माझ्यासाठी प्रार्थना करा," तो म्हणाला.

पाळकांनी केली. पाऊण तास केली.

त्यात सरदारांचा निरोप आला. शाळेच्या वर्धापनदिनाला ते ही धाव स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होते. त्यांच्या पुतण्याने ऑकलंडहून चांगलं स्टॉपवॉच पाठवलं होतं, ते अजून कशालाच लावलेलं नव्हतं.

पुढचे नऊ दिवस केलेपीच्या घशाखाली घास उतरेना. आईने वाफवलेलं कोनफळ पुढे ठेवावं आणि त्याने ते बोटाने चाचपत बसावं. दारावर थाप पडली की तो दचके. आत्या म्हणाली, पोरगा प्रेमात पडलाय. त्याने हो म्हणून टाकलं, कारण ते त्यातल्या त्यात सोपं होतं. मग मुलीचं नाव काय, याची नवी भीती मागे लागली. पाय मोडून घ्यावा असंही एकदा मनात आलं. तो नीरफणसाच्या झाडावर चढून बसलासुद्धा, पण खाली बघितल्यावर धीर झाला नाही आणि शिडी मागवावी लागली.

वर्धापनदिनी चर्चसमोरच्या मैदानात मास्तरांनी दोरी धरून नेमके शंभर मीटर मोजले. एका टोकाला चुन्याची रेघ, दुसऱ्या टोकाला फीत. फितीशेजारी सरदारांची खुर्ची. सगळं रीतसर होतं, म्हणूनच केलेपी सारखा धक्क्याकडे बघत होता. आता अर्ध्या तासात सरदार खोटे ठरणार, पाळक खोटे ठरणार, आणि आईला या बेटावर तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

तेवढ्यात ऊन चढलं. सरदारांच्या टकलावर घाम आला. चार माणसांनी खुर्ची उचलून मैदानाच्या कडेच्या झाडाच्या सावलीत आणली, चांगली नऊ-दहा पावलं अलीकडे. सरदार अलीकडे आणि फीत पलीकडे, हे कसं दिसेल? सरदारांच्या पुढे पळून जायची आमच्याकडे रीत नाही. म्हणून फीतही मुकाट्याने अलीकडे आली. मास्तरांनी ते पाहिलं. त्यांनी हातातली मोजायची दोरी पाठीमागे लपवली.

केलेपी धावला. सरदारांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं.

"नऊ एकोणऐंशी," ते म्हणाले. "पाळकांनी कमीच सांगितलं होतं."

आता काही इलाजच राहिला नाही. सरदारांनी आपल्या सहीने राजधानीला पत्र धाडलं. केलेपीचं नाव फिजीत होणाऱ्या, सगळ्या बेटांच्या स्पर्धांसाठी आधीच लागलेलं होतं. आता त्याच्याबरोबर सगळ्या गावाची अब्रूही तिथल्या राजधानीला, सुवाला निघाली. विमानात सगळे घाबरले होते ते हवेतल्या हिसक्यांनी. केलेपीला वाटत होतं, पडलं विमान तर निदान आकडा तरी सोबत बुडेल.

सुवाच्या मैदानात सरदार नव्हते, सावली नव्हती. अंतर पुरेपूर शंभर मीटर होतं आणि घड्याळ विजेचं होतं. गावात सगळे रेडिओला कान लावून बसले असणार, हे त्याला ठाऊक होतं. बंदूक वाजली तेव्हा तो शर्यत धावलाच नाही. तो त्या रेडिओपासून पळाला. जन्मात कधी नव्हता इतका जोरात पळाला. फिजीचा धावपटू हातभर मागे राहिला. केलेपी पहिला आला. वेळ दहा अठ्ठावन्न. मास्तर कुंपणावरून उडी मारून आले आणि त्याच्या गळ्यात पडून लहान मुलासारखे रडले.

गळ्यात सुवर्णपदक घालून तो बोटीतून उतरला. धक्क्यावर बँड नव्हता. लोक आले होते, पण दबक्या आवाजात बोलत होते. आत्याने तर कमरेला दुखवट्याची मोठी, फाटकी चटई बांधली होती. एकेक जण पुढे येऊन त्याचा हात दाबत होता आणि मान खाली घालून बाजूला होत होता. पाळकांनी छोटी प्रार्थना केली, की देवा, या लेकराला हे सोसायचं बळ दे. सरदार म्हणाले, फिजीवाल्यांची घड्याळं कधीच नीट नसतात.

इतके महिने छातीत अडकलेलं केलेपीला आता आवरेना. भर धक्क्यावर, सगळ्यांसमोर तो बोलला. "सरदारसाहेब, मी जन्मात कधी दहाच्या आत धावलेलो नाही. त्या दिवशीही नाही. शपथेवर सांगतो."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. सरदारांनी केलेपीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"असं बोलू नये, बाळा," ते म्हणाले. "माणसाने एवढं खचू नये."

घरी लुपेने अळूच्या पानांत नारळाच्या दुधाबरोबर शिजवलेलं मटण त्याच्या पुढे ठेवलं. तो भुकेजल्यासारखा जेवला. ती समोर बसून पदक उलटंसुलटं करून पाहत राहिली.

"दुसरा आलेला किती मागे होता रे?" तिने हळूच विचारलं.

"हातभर."

लुपेने सुस्कारा सोडला. "अगंबाई," ती म्हणाली. "मग त्याच्या आईचं काय झालं असेल?"