गिराम सरांचे जावईबापू

गिराम सरांना लेक नाही, तरी जावई आहे. तो आमच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीझरमध्ये राहतो. बोटाच्या पेराएवढी कुपी, तळाशी पाण्यासारखा थेंबभर द्रव. सर सकाळी आले की डबासुद्धा खाली न ठेवता फ्रीझरचं दार किलकिलं करतात आणि विचारतात, "जावईबापू, बरे हाईत ना?"

मी परभणीला नव्यानं रुजू झाले तेव्हा हे ऐकून मला वाटलं, माणसाला ऊन लागलं.

कुपीत असते अँटिबॉडी. पेशीतल्या हजारो प्रथिनांतून आपलं ठरलेलं तेवढं ओळखायचं आणि त्याला घट्ट चिकटायचं, एवढंच तिचं काम. पण सर ते असं रंगवतात की ऐकतच राहावं. एकदा झरीहून दोन शेतकरी जवारीचं बियाणं विचारायला आले, तर सरांनी त्यांना बसवूनच घेतलं.

"पेशीत एक कारखाना असतो बगा. तिथल्या कामगार प्रथिनांना मागं चार मण्यांची शेपटी असती. कुणी चुकून बाहेर भटकलं, की शेपटी धरून त्याला परत घरी आणून सोडतेत. आमचे जावई ती शेपटी बरोबर वळखतेत. ऊन वाढलं की जवारी असे कामगार वाढवती का, ते आमी बघायलोत."

"लय भारी, सर," त्यांतला थोरला म्हणाला. "पण बियाणं?"

बियाणं त्यांना शेवटी मीच दिलं.

या जावयाची बडदास्त काय सांगू! तो परदेशातून बर्फात बसून येतो. एकदा वितळून पुन्हा गोठला की रुसतो, म्हणून सर आल्या आल्या त्याचे थेंब थेंब वेगवेगळ्या कुप्यांत वाटून ठेवतात. कुपी बाहेर काढली की भर मे महिन्यात पंखा बंद. शिंक आली तर व्हरांड्यात जायचं. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. सरांच्या पत्रिकेत बाकीचे नऊ नव्हतेच.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र आमचा जीव टांगणीला लागला. शेवटची कुपी उरली होती आणि सर महिनाअखेर निवृत्त होणार होते. जवारीवरचं त्यांचं सगळं काम त्या एका थेंबावर येऊन ठेपलं होतं. नेमकी तेव्हाच एका दुपारी लाईट गेली, आणि जनरेटरनंही मान टाकली.

मी स्कूटी काढली. मागं सर, त्यांच्या मांडीवर बर्फाचा डबा. "मॅडम, खड्डा. मॅडम, हळू. जावई हाय." रस्त्यावरची माणसं माझ्या मागच्या सीटवर जावई शोधत होती.

स्टेशनजवळच्या कुल्फीवाल्याकडे स्वतःच्या जनरेटरवर चालणारा डीप फ्रीझर होता. त्यानं विचारलं, "काय हाय ह्यात?"

"जावई," सर म्हणाले.

त्या भल्या माणसानं पुढं एक शब्द विचारला नाही. पिस्ता कुल्फीचा अख्खा ट्रे बाहेर काढून जागा केली आणि गिऱ्हाइकांना त्या झाकणाला हात लावू दिला नाही. सर स्टुलावर बसून राखण करत राहिले. फुकट कसं बसायचं, म्हणून कुल्फ्या खात राहिले. लाईट आली तेव्हा त्यांना धड बोलताही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. कुपी जिवंत आहे की उन्हानं गेली, हे आता कळणार होतं. जवारीची प्रथिनं उतरवलेल्या कागदी पट्टीवर सरांनी तो शेवटचा थेंब पातळ करून सोडला. सगळे टप्पे उरकून आम्ही स्क्रीनभोवती गर्दी केली. आधी नुसताच पांढरा पडदा. मग सावलीतल्या रोपांच्या रकान्यात पुसट रेघ उमटली, आणि उन्हात ठेवलेल्या रोपांच्या रकान्यात काळ्याभोर, ठसठशीत पट्ट्या.

"वळखलं," सर म्हणाले. "वळखलं की हो जावयानं!" आणि पायात चप्पल नसलेला तो साठीचा माणूस चक्क नाचायला लागला. मीही ओरडले. कुणीतरी जिलेबी आणायला पळालं. एवढा आनंद मला माझ्या पीएचडीच्या दिवशीही झाला नव्हता.

गडबड ओसरली तेव्हा सर रिकामी कुपी उजेडाकडे धरून टिचक्या मारत होते.

"मॅडम, एक बार अजून लावून बगावं का?"

"कशाला, सर? इतकं स्वच्छ आलंय. काम फत्ते झालं. आता निवांत घरी बसा."

त्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "तेच तर. तुमच्या काकू गेल्यापासून घरी बोलायला कुणी न्हाई. हितं सकाळी उठून कुणाची तरी विचारपूस करायला येतो मी."

 

त्याच आठवड्यात मी नवी कुपी मागवली. ती येईल तोवर सर निवृत्त झालेले असतील. त्यांना म्हटलं, "सर, ते थेंब वाटून ठेवायचं काम मला काही जमत नाही. हात थरथरतो. तुम्हालाच यावं लागेल."

सरांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "जमत न्हाई?"

"अजिबात नाही."

"मग रोजच यावं लागंल मला," ते म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

मला ते काम उत्तम जमतं. त्यांनीच शिकवलंय.