सासऱ्यांची मिशी आणि न्यायमूर्तींची पाटी

“साहेब, तुम्ही बिनधास्त राहा! भिंत अशी सजवतो की बघणारा बघतच राहील!”

असं छातीठोकपणे सांगणाऱ्या त्या कारकुनाला अख्खं विद्यापीठ बिनधास्तराव म्हणत असे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, कधीकधी त्याच्याही! आणि मंडळी, गडी शब्दाला जागला बरं का! बघणारे खरोखरच बघत राहिले. फक्त काय बघत राहिले ते ऐकलंत, तर तुम्ही कपाळाला हात लावाल.

विद्यापीठ देशाच्या पार उत्तरेला. थंडी अशी की मुलं वर्गातसुद्धा कोट काढत नसत आणि प्राध्यापक खडू हातमोजे घालून धरत. पण त्या गारठ्यातून एकेक रत्न बाहेर पडलं होतं. कुणी हृदयाचे डॉक्टर, कुणी बर्फाच्या शिखरांवर चढलेले गिर्यारोहक, कुणी मोठमोठे पूल बांधणारे इंजिनियर. माजी विद्यार्थी कक्षाच्या साहेबांनी ठरवलं की विद्यापीठाच्या वर्धापनदिनी अशा बारा नामवंत पदवीधरांचे फोटो मोठ्या व्हरांड्यात लावायचे. तेही आजचे नाहीत, कॉलेजातले, तरुणपणीचे! फोटोखाली पितळी पाटी, पाटीवर नाव नाही, फक्त पराक्रम; ओळखायचं बघणाऱ्यांनी. उद्घाटनाला त्या बारांतल्याच एक निवृत्त न्यायमूर्ती बाई येणार होत्या. साहेबांना पित्ताचा त्रास होता आणि तो बिनधास्तरावांचं “बिनधास्त राहा” ऐकलं की वाढायचा.

इकडे घरी वेगळीच परीक्षा चालू होती. सासू-सासरे मुक्कामाला आले होते, रविवारी जाणार होते. सासूबाई गरीब स्वभावाच्या, निदान त्या दिवसापर्यंत तरी तसाच समज होता. सासरे मात्र याच विद्यापीठात शिकलेले, आणि ते कुणाला विसरू द्यायचे नाहीत. चहात साखर कमी पडली तरी म्हणायचे, “आमच्या विद्यापीठात असं चालत नसे!” बिनधास्तरावांना पदवी मिळाली होती ती तृतीय श्रेणीत. त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं होऊनही सासऱ्यांनी त्यांना एकदाही ‘जावईबापू’ म्हटलं नव्हतं. ‘कारकून’ म्हणायचे. “कारकून, जरा खिडकी बंद करा.” “कारकून, पेपर द्या.”

“तृतीय श्रेणीला बापू कसला म्हणायचा?” असं त्यांनी एकदा लेकीला सांगितलं होतं. तेही जावई शेजारी बसलेला असताना.

बिनधास्तराव वरून हसायचे, पण आत कुठेतरी ते टोचत होतं. एकदाच, फक्त एकदाच, या माणसाच्या तोंडून ‘जावईबापू’ ऐकायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. बायकोने युक्ती काढली. वर्धापनदिनालाच सासऱ्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता. तिच्याकडे बाबांचा कॉलेजातला एक फोटो होता: काळा कोट, भांग पाडलेले केस आणि झुपकेदार मिशी.

“त्या मोठ्या लोकांच्या फोटोंना करताय ना, तशीच फ्रेम बाबांच्या फोटोला करा,” ती म्हणाली. “बघा, विरघळतात की नाही!”

“तू बिनधास्त राहा!” बिनधास्तराव म्हणाले.

फ्रेमवाल्याकडे बारा फोटोंचा गठ्ठा दिला आणि सर्वांत शेवटी, सर्वांत वर, सासऱ्यांचा तेरावा ठेवला. सगळ्यांना एकच माप, एकच लाकूड. दोन दिवसांनी फ्रेमवाल्याने तेरा पुडकी समोर ठेवली. तपकिरी कागद, वर सुतळी.

“साहेब, कशात कोण आहे ते वर लिहून देऊ का?” फ्रेमवाल्याने विचारलं.

“कशाला? बिनधास्त राहा! शेवटचा दिला तो सर्वांत वर होता, म्हणजे वरचं पुडकं माझं!”

आता मंडळी, गठ्ठा समोर आला की कारागीर वरूनच सुरुवात करतो, हे सांगायला विद्यापीठ लागत नाही. सासरे सर्वांत आधी फ्रेममध्ये बसले आणि त्यांचं पुडकं सर्वांत खाली गेलं. वरचं पुडकं होतं न्यायमूर्ती बाईंचं. सुतळी सोडून आत डोकावायला कितीसा वेळ लागला असता? पण छे! बिनधास्तरावांनी वरचं पुडकं काखेत मारलं आणि उरलेली बारा व्हरांड्यात सुताराकडे पोचती केली.

सुतार बिचारा सरळ माणूस. फ्रेमच्या मागे पाट्यांप्रमाणे नंबर टाकलेले होते, ते बघून त्याने अकरा फोटो ठोकले. एका फ्रेमवर नंबर नव्हता आणि भिंतीवर एकच जागा रिकामी होती. त्याने दोन आणि दोन चार केले. खालच्या पाटीवर लिहिलेलं होतं: ‘न्यायमूर्ती. कठोर निकालांसाठी ख्याती. सुवर्णपदक.’ एवढी मिशी असलेला माणूस न्यायमूर्तीच असणार, असं त्याला वाटलं असेल तर त्याची काय चूक? साहेबांनी भिंतीवरून लांबलचक पडदा सोडला आणि हुकूम काढला की उद्घाटनापर्यंत पडद्याला कुणी हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिनधास्तरावांनी सासऱ्यांना कार्यक्रमाला चलायचा आग्रह केला. आश्चर्य म्हणजे, उठताबसता विद्यापीठाचा जप करणाऱ्या सासऱ्यांनी एकदम गुडघा धरला.

“मला नाही जमायचं. फार दुखतोय.”

“पण बाबा, काल तर तुम्ही गच्चीवर चढून आलात!” बायको म्हणाली.

“म्हणूनच दुखतोय!” सासरे खेकसले. “कारकून, तुम्ही निघा. उशीर होतोय तुम्हाला.”

बिनधास्तराव निघाले. वाढदिवसाची भेट म्हणून पुडकं सासूबाईंच्या हाती देऊन गेले.

व्हरांड्यात खुर्च्या भरल्या होत्या. नामवंत मंडळी पहिल्या रांगेत बसली होती. साहेबांचं भाषण सुरू झालं आणि तेवढ्यात बिनधास्तरावांचा फोन थरथरला. बायको होती.

“अहो, ही बाई कोण?”

बिनधास्तराव फोनवर हात धरून कुजबुजले. “कुठली बाई? माझा कुठल्याही बाईशी काही संबंध नाही!”

“तुमचा कोण म्हणतंय? बाबांचा! आईने पुडकं उघडलं तर आत एक तरुण मुलगी! दोन वेण्या घातलेली, गालातल्या गालात हसणारी! आणि बाबांनी ती बघितली, चहाचा कप बशीऐवजी पेपरवर ठेवला आणि म्हणाले, ‘अरे बापरे, ही इथे कशी आली?’ आई म्हणाली, ‘म्हणजे ओळखता तर!’ अहो, आईने चप्पल घातलीय!”

“का?”

“तिकडे यायला! म्हणते, मुलगी विद्यापीठातलीच असणार, तिथेच जाऊन छडा लावते! बाबांना दंडाला धरून नेतेय. मी मागून धावतेय!”

फोन बंद झाला. बिनधास्तराव गोंधळले. सासऱ्यांचा फोटो, त्यात मुलगी? फ्रेममध्ये गेलेला पुरुष बाहेर येईपर्यंत वेण्या घालतो की काय? मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. घरी जर मुलगी आली असेल, तर इथे भिंतीवर…

साहेब भाषणात ‘ज्ञानाची परंपरा’ इथपर्यंत आले होते, म्हणजे अजून थोडा वेळ होता. बिनधास्तराव वाकून, खुर्च्यांमागून, भिंतीकडेने पडद्याच्या आत शिरले. मोबाइलच्या उजेडात एकेक चेहरा बघत पुढे सरकले. डॉक्टर, गिर्यारोहक, इंजिनियर, आणि मग ती मिशी! खाली पाटी: ‘न्यायमूर्ती. कठोर निकालांसाठी ख्याती.’

त्यांनी फ्रेम उचलायला दोन्ही हात घातले. हलेना! चोरी होऊ नये म्हणून सुताराने चारही बाजूंनी स्क्रू मारले होते. बिनधास्तरावांनी एक पाय भिंतीला लावला, फ्रेमला मिठी मारली आणि सगळा जीव एकवटून ओढलं. त्याच क्षणी बाहेर टाळ्या झाल्या आणि न्यायमूर्ती बाईंनी दोरी खेचली.

पडदा सरसर बाजूला झाला. भिंतीवर बारा फोटो, आणि एका फोटोला मिठी मारून, एक पाय वर करून उभा असलेला माजी विद्यार्थी कक्षाचा कारकून!

टाळ्या थांबल्या. साहेब दात आवळून पुटपुटले, “ही मिशी कुणाची?”

“सासऱ्यांची.”

“तुमच्या सासऱ्यांची मिशी माझ्या भिंतीवर का?”

“साहेब, तुम्ही बिन…” सवयीने तोंडातून निघालं, पण पुढचं गिळलं. साहेब खिशात पित्ताची गोळी शोधू लागले. नोकरी गेली, इज्जत गेली, आणि आता ‘जावईबापू’ तर या जन्मी ऐकायला मिळणार नाही, असं बिनधास्तरावांना स्वच्छ दिसलं.

न्यायमूर्ती बाई फोटोजवळ आल्या. चष्मा लावला. काढला. पुसून परत लावला.

“अरे!” त्या ओरडल्या. “हा तर काका!”

“कुठे? बघू!” डॉक्टर उठले. “खरंच की! आमचा काका!”

“तुमचा कसा? काका आमच्या वर्गात होता!” गिर्यारोहक म्हणाले.

“काहीतरीच काय, आमच्या!” इंजिनियर म्हणाले.

बिनधास्तराव फोटोला धरूनच उभे होते. या चौघांच्या वयांत चांगलं अंतर होतं, चौघांच्या वर्गांतही. मग सासरे एकाच वेळी सगळ्यांच्या वर्गात कसे? सासरे होते तरी किती?

“हे… हे सगळ्यांच्याच वर्गात होते?” त्यांनी चाचरत विचारलं.

“सगळ्यांच्याच!” बाई हसत म्हणाल्या. “तेव्हा पहिलं वर्ष सगळ्या शाखांना एकत्र असायचं. आम्ही आलो तेव्हा काका पहिल्या वर्षाला होता आणि आम्ही पदवी घेऊन निघालो तेव्हाही पहिल्या वर्षालाच होता! म्हणून तर ‘काका’!”

“मी आलो तेव्हा स्टेशनवर थंडीने रडत बसलो होतो,” डॉक्टर म्हणाले. “काका न्यायला आला होता. स्वतःचं ब्लँकेट दिलं मला. अजून आहे माझ्याकडे.”

“तुमच्याकडे कसं असेल? ते माझ्याकडे आहे!” गिर्यारोहक म्हणाले. “शिखरावरसुद्धा घेऊन गेलो होतो!”

“मलाही दिलं होतं,” बाई हळूच म्हणाल्या.

म्हणजे हा माणूस दर वर्षी नापास व्हायचा, दर वर्षी स्टेशनवर जायचा आणि दर वर्षी नवं ब्लँकेट घ्यायचा!

“आणि घरी एक चादर आणा म्हटलं तर दोन महिने लागतात!”

हा आवाज मागून आला होता. व्हरांड्याच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. एका काखेत फ्रेम, दुसऱ्या हातात सासऱ्यांचा दंड, मागे धापा टाकणारी लेक. सासऱ्यांचा गुडघा ठणठणीत दिसत होता, स्वतः सासरे मात्र नव्हते. सासूबाईंनी फ्रेम वर धरली.

“ही कोण? आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे!”

“मी,” न्यायमूर्ती बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी फोटोकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. “तुम्ही यांच्या कोण?”

“वर्गमैत्रीण. एक वर्ष. मी पास झाले.”

“आणि हे?”

सासरेच मान खाली घालून म्हणाले, “मी कायम तिथेच होतो.”

सासूबाई धपकन खुर्चीवर बसल्या. “म्हणजे पदवी नाही? अहो, पदवीधर मुलगा म्हणून मला दिली हो तुम्हाला!”

“मी शिकलो म्हणालो होतो. पास झालो असं कधी म्हणालो?”

“बाई असती तरी एक वेळ सोसलं असतं!” सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “पण नापास?”

बिनधास्तरावांना राहवलं नाही. “बाबा, मग तृतीय श्रेणी म्हणून मला एवढं का बोलायचात?”

सासऱ्यांनी वर पाहिलं. “कारण तिसरी का होईना, तुम्हाला मिळाली होती ना! मी इतकी वर्षं बसलो, मला तीही मिळाली नाही. तुमच्या घरच्या भिंतीवरची ती पदवी बघितली की जळफळाट व्हायचा माझा.”

बिनधास्तरावांचे डोळे भरून आले. त्यांनी फोटोवरची मिठी सोडली आणि खऱ्या सासऱ्यांचा हात धरला.

“हे सगळं ठीक आहे,” गोळी गिळून साहेब म्हणाले, “पण भिंत पदवीधरांची आहे. हा फोटो इथे राहू शकत नाही.”

“पदवी मिळाली तर राहील?” न्यायमूर्ती बाईंनी विचारलं.

“राहील की!”

“मग माझा निकाल ऐका. काकाने या वर्षी परत पहिल्या वर्षाला प्रवेश घ्यायचा. पदवी मिळाली की तेरावा फोटो काकाचा, आणि पडदा ओढायला मी स्वतः येईन. काका, कबूल?”

टाळ्यांनी व्हरांडा दणाणला. पंच्याहत्तर वर्षांचा विद्यार्थी! साहेबांना दुसऱ्या दिवशीचे पेपर दिसू लागले आणि त्यांचं पित्त जागच्या जागी उतरलं. बिनधास्तरावांची पाठ थोपटत ते म्हणाले, “काय कल्पना लढवलीत हो!”

“कबूल,” सासरे म्हणाले. सासूबाई ठामपणे म्हणाल्या, “आणि पदवी घेतल्याशिवाय आपल्या घराचा उंबरा चढायचा नाही! मी एकटी जाते रविवारी.”

घरी परतताना गाडीत सासरे आणि जावई शेजारी शेजारी बसले होते. सासरे एकदम वळले आणि म्हणाले, “जावईबापू!”

बिनधास्तरावांच्या अंगावर काटा आला. आयुष्याचं सार्थक झालं!

“काय, बाबा?”

“जावईबापू, तुमच्या त्या मागच्या खोलीत माझं टेबल राहील ना? खिडकीजवळ लागतं मला. अभ्यासाला उजेड हवा.”

“राहील की बाबा, आपलंच घर आहे!” पुढच्या सीटवरून लेक आनंदाने म्हणाली.

बिनधास्तरावांच्या तोंडचं पाणी पळालं. पहिलं वर्ष. मग दुसरं, मग तिसरं. पण आधी ते पहिलं!

“बाबा,” त्यांनी कसंबसं विचारलं, “साधारण किती वर्षं लागतील?”

सासऱ्यांनी प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“जावईबापू, तुम्ही बिनधास्त राहा!”