जगूकाका आणि गाणारे चोर

शेजारी कुणी गायला बसलं, की बोईसरचे आमचे जगूकाका भिंतीला कान लावायचे. गाणं ऐकायला नव्हे. कुणी भिंत फोडतंय का, ते ऐकायला.

सगळा दोष पालघरला तंबूत लागलेल्या एका जुन्या सिनेमाचा. त्यात तिघे चोर शास्त्रीय गवई बनून बिऱ्हाड करतात. एक जण जोरजोरात ताना घेतो, तेवढ्यात बाकीचे दोघे पलीकडच्या पेढीची भिंत फोडतात. लोक पोट धरधरून हसले. काकांनी मात्र घरी येऊन दाराला दुसरं कुलूप लावलं. "हसता काय? गाना खरा, पन भिंतीचा काय?" हे तेव्हापासून त्यांचं पालुपद झालं.

अशा माणसाच्या पडवीतल्या खोलीत मी माझ्या ऑफिसातला साठे आणून ठेवला. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालेलं, बोईसरात खोली मिळणं म्हणजे देव भेटणं. साठे गातो हे मला तरी कुठे ठाऊक होतं! पहिल्याच संध्याकाळी त्याने तानपुरा काढला आणि मी आधी काकांकडे बघितलं.

"दार उघडा ठेवून गायचा. हात खिडकीतून दिसले पायजेत," काकांनी बजावलं. साठे बिचारा खिडकीत बसून गायचा. काका अंगणात खाट टाकून त्याच्या हातांवर नजर ठेवायचे. तान चढली, की उठून घराला फेरी मारून यायचे. एकदा घसा बसला म्हणून तो गायला नाही, तर काका धावत माझ्या घरी. "आज गप हाय. काय बेत हाय त्याचा?"

साठे वैतागला. "हा रियाज आहे की चौकीवरची हजेरी?" म्हणाला आणि त्याने चिंचणीला खोली बघितली.

रविवारी सामान बांधलं. काकांनी घरातले हंडे-कळश्या तपासल्या. सगळं जागेवर होतं, तरी त्यांचा चेहरा उतरलेला. दुपारी यायचा टांगा ऊन कललं तरी आला नाही. संध्याकाळपर्यंत पोचलं नाही, तर चिंचणीची खोली दुसऱ्याला जाणार होती. मग साठे रस्त्यावर आणि बोल मला. मी नुसता ओटीवर येरझाऱ्या घालत होतो.

शेवटी म्हणालो, "टांगेवाल्याला बघून येतो."

काकांनी माझा दंड धरला. "जाऊ नको. तो नाय यायचा. मीच सांगितला त्याला, येऊ नको म्हनून."

साठे उसळला. "का पण? चोर आपण होऊन चालला होता ना घरातून?"



"तुमची काकी गेली तवापासून या घरात दुसऱ्या मानसाचा आवाज नवता," ते म्हणाले. "तुमी आल्यापासून माझी झोप गेली, ती खरी. पन जागा असताना एकटा नसतो मी."

  काका खाली बसून त्याच्या वळकटीची दोरी सोडायला लागले. गाठ सुटत नव्हती. मग साठेच त्यांच्याशेजारी बसला आणि दुसरं टोक धरून सोडवू लागला.